स्पीड नको, वेळ पाळा!

रात्री अकराला होस्टेलचं वाय-फाय का रडतं, हे कळलं की कारखान्यातल्या वायरलेसचं निम्मं गणित सुटलं म्हणून समजा. वाय-फायमध्ये प्रत्येक मोबाईल आधी कानोसा घेतो, दुसरं कुणी बोलतंय का. बोलत असेल तर थांबतो, अंदाजे थोडा वेळ मोजतो आणि मग बोलतो. दोघं एकदम बोलले की टक्कर! पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपला पिक्चर अडकतो, आपण शिव्या घालतो, संपलं.

रोबोटला हे चालत नाही. समजा, त्याचा हात सेकंदाला १ मीटर वेगाने फिरतोय आणि 'थांब' हा संदेश १०० मिलिसेकंद उशिरा पोचला. तेवढ्यात हात १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मध्ये कामगाराची बोटं असली तर? म्हणून सेफ्टी सिस्टिममध्ये उलटी युक्ती करतात. 'सगळं ठीक' असा संदेश सतत येत राहिला पाहिजे. ठरलेल्या वेळात आला नाही की मशीन आपणहून थांबतं. माणूस वाचतो, पण नेटवर्क खराब असेल तर लाईन सारखी बंद पडते. मग कुणाला तरी मोह होतो, तो ठरलेला वेळच वाढवून टाकायचा. मला खरी भीती या मोहाची वाटते.

थोडक्यात काय, इथे स्पीडपेक्षा वेळेची खात्री महत्त्वाची. २००७ मध्ये आलेल्या वायरलेसहार्टने प्रत्येक उपकरणाला १० मिलिसेकंदांचे स्लॉट नेमून दिले. मेसच्या टोकनसारखंच, नंबर आला की जायचं, धक्काबुक्की नाही. टाकीचं तापमान, पाइपातलं प्रेशर कळवायला हे झकास. पण मोटरच्या अचूक हालचालीसाठी नवी आज्ञा दर ०.५ ते २ मिलिसेकंदांनी लागते.

तिथे ५जी येतं. २०१८ च्या रिलीज १५ मध्ये स्लॉट फारच छोटे करता आले, परवानगी आधीच देऊन ठेवायची सोय झाली आणि एकच संदेश दोन वाटांनी पाठवता येऊ लागला. २०२० च्या रिलीज १६ ने कारखान्यातल्या टाइम-सेन्सिटिव्ह इथरनेटशी घड्याळ जुळवलं. उद्दिष्ट ९९.९९९९ टक्के, म्हणजे दहा लाख संदेशांत फार तर एक चुकलेला!

मला विचाराल तर एका जागी उभ्या मशीनला वायरच बरी. वायरलेस हवं ते फिरणाऱ्या गाड्यांना आणि सतत वाकून वाकून जिथे केबल तुटते, अशा सांध्यांना.