बाब अल बहरीनची सहा घड्याळं



२०२२ साली आम्ही उभयता मनामा पाहायला गेलो होतो. १९४९ साली बांधलेल्या बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरलं की जुना बाजार लागतो. मसाले, अत्तर, सोनं, मोती, काय हवं ते! आमचे मिस्टर म्हणजे पै-पैचा हिशेब ठेवणारे. पण तिथे त्यांनी एकाच दुकानातून एकसारखी सहा घड्याळं घेतली. अडवलं तर चिडले. घरी परतल्यावर रोज पार्सलं येऊ लागली. मुलगा ओरडला, आम्ही रडलो. शेवटी धाकटा नातू म्हणाला, "आजी, आजोबा रात्री झोपत नाहीत, फोनवरून वस्तू मागवतात."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पार्किन्सनसाठी चालू असलेली त्यांची प्रॅमिपेक्सोलची गोळी काही महिन्यांपूर्वीच वाढवली होती. इतकी वर्षं नर्सिंग केलं, तरी आम्हाला हे आधी सुचलं नाही.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं, म्हणून हात थरथरतो, चाल मंदावते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं डोपामिनची नक्कल करतात. पण मेंदूत हौस आणि आनंदाचं कामही डोपामिनच करतं. तिथे जोर जास्त झाला की काहींचा मनावरचा ताबा सुटतो. खरेदी, जुगार, सारखं खाणं, किंवा बोलायला लाज वाटावी अशा इच्छा वाढतात. अमेरिका-कॅनडातल्या ३०९० रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे १७ जणांना हा त्रास होता, न घेणाऱ्यांत ७ जणांना. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांचं घर हादरतं.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर अंग आखडतं, घबराट आणि उदासी येते. आमच्या डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली, लेव्होडोपाचं प्रमाण बसवलं. काही महिन्यांत आमचे मिस्टर पूर्वीसारखे हिशेबी झाले.

तेव्हा मंडळी, घरचं माणूस अचानक बदललं तर भांडू नका, लपवूही नका. नवीन गोळी कधी सुरू झाली, कधी वाढली, ते आठवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हा स्वभावाचा दोष नव्हे, औषधाचा असू शकतो. आणि नातवंडांनो, आजी-आजोबांचं काही वेगळं दिसलं तर सांगत जा. ती चुगली नव्हे.

घड्याळं नातवंडांनी वाटून घेतली. एक आम्ही ठेवलंय, गोळ्यांच्या वेळेसाठी.