जमिनीची धूप आणि गावाचा शेजारधर्म

सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेस उतरताच पर्जन्यछायेचा जो टापू लागतो, त्यातच आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग मोडतो. २०२४ साली या जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले. परंतु नाव पालटले म्हणून आभाळाची रीत पालटली नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस घाटमाथ्यावर मेघ मुक्तहस्ते वर्षाव करतात आणि तेथून पूर्वेकडे जावे तसतसा त्यांचा हात आखडत जातो. त्यामुळे आपल्याकडील मनुष्य पाणीटंचाईचे सारे खापर पावसाच्या माथी फोडून मोकळा होतो. हे कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडे गणित करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे पाणी १०,००० लिटर भरते. एखाद्या गावाचे शिवार १,००० हेक्टर असून तेथे वर्षाकाठी अवघा ४०० मिलिमीटर पाऊस होतो असे धरले, तरी त्या शिवारावर ४०० कोटी लिटर पाणी उतरते. गावाची वस्ती २,००० असेल व दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी लागत असेल, तर वर्षभराची घरगुती गरज सुमारे ४ कोटी लिटर होते. म्हणजे पडलेल्या पावसाचा केवळ शंभरावा हिस्सा! पिके, गुरे व झाडे यांची गरज याहून पुष्कळच मोठी आहे आणि सूर्यही आपला वाटा उचलतो, हे खरे. तरीसुद्धा ज्या गावावर इतके पाणी उतरते, त्या गावाने चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत बसावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी नव्हे काय?

पाणी जाते कोठे, हे पाहू गेल्यास त्याच्याबरोबर मातीही जाते, असे आढळून येते. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब वेगाने आपटला, म्हणजे मातीची ढेकळे फुटतात आणि त्यांतील बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवून टाकतात. मग पाणी आत न मुरता उताराने धावू लागते. धावत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याची झिजविण्याची शक्ती सुमारे चौपट होते. आरंभी पातळ थर निघून जातो व तो कोणाच्या ध्यानातही येत नाही; पुढे बारीक ओघळी पडतात; ओघळींच्या घळी होतात आणि अखेरीस शेताचे दोन तुकडे करणारा ओढा तयार होतो. एक हेक्टर शेतातून एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला, तर दहा घनमीटर माती नाहीशी झाली असे समजावे. खडकापासून बोटभर माती घडण्यास निसर्गास शेकडो वर्षे लागतात, आणि ती वाहून जाण्यास वळवाच्या दोन-चार सरी पुरतात.

शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. खडकाळ जागी पडलेले बी लवकर उगवते खरे, परंतु मातीस खोली नसल्यामुळे उन्हाने करपून जाते. आपल्या माळरानांची आज तीच अवस्था आहे. मातीचा थर जितका जाड, तितकी ओल अधिक काळ टिकते. म्हणून माती राखणे व पाणी राखणे ही दोन कामे नसून एकच काम होय.

आता उपायाकडे वळू. पाणलोटाच्या कामाचा पहिला नियम असा, की आरंभ माथ्यापासून करावा आणि शेवट पायथ्याशी. पुष्कळ ठिकाणी लोक प्रथम ओढ्यावर बंधारा घालतात, कारण तेथे पाणी डोळ्यांस दिसते. परंतु माथा उघडा राहिला, तर वरून येणाऱ्या गाळाने तो बंधारा थोड्याच वर्षांत भरून जातो. याकरिता टेकडीच्या उतारावर समान उंचीच्या रेषेत सुमारे ६० सेंटीमीटर रुंद व ३० ते ६० सेंटीमीटर खोल असे चर खणावेत. निघालेली माती चराच्या खालच्या अंगास रचावी आणि तिच्यावर गवताचे बी टाकून कडुनिंब, करंज, बोर, आवळा यांसारखी काटक झाडे लावावीत. असे केल्याने धावणारे पाणी चरात थांबते आणि सावकाश मुरते.

समान उंचीची रेषा कशी काढावी, असा प्रश्न आमचे विद्यार्थिबंधू व भगिनी विचारतील. त्यासाठी मोलाचे यंत्र नको. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाशी बांधून खाली पाय फाकवावेत आणि मध्ये एक आडवी काठी बांधावी. म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट होते. शेंड्यास दोरीने दगड लटकवावा. चौकट जमिनीवर दोन खुणांवर उभी करून दोरी आडव्या काठीस जेथे स्पर्श करील तेथे रेघ ओढावी. नंतर पायांची अदलाबदल करून त्याच खुणांवर पुन्हा उभी करावी व दुसरी रेघ ओढावी. या दोन रेघांचा मध्य तो समपातळीचा बिंदू. दोरी त्या बिंदूवर राहील अशा रीतीने चौकट पावलापावलाने पुढे नेत गेल्यास, तिच्या पायांच्या खुणा समान उंचीची रेषा दाखवितात. भूमितीचा असा उपयोग पाहिल्यावर तो विषय रुक्ष वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

माथ्याखालील शेतांत नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी, म्हणजे प्रत्येक तास हा एक लहानसा बांधच होतो. बांध घालताना जादा पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवण्यास विसरू नये. सांडवा नसलेला बांध एका मोठ्या पावसात फुटतो व खालच्या शेताचीही नासाडी करतो. घळींत अनगड दगडांचे लहान लहान बांध घालावेत आणि सर्वांत शेवटी मोठ्या ओढ्यावर मातीचे अथवा सिमेंटचे बंधारे बांधावेत. आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी साधारण रचना असते. मुरलेले पाणी मुख्यतः मुरमात व पाषाणाच्या भेगांत साठते. तेच आपल्या विहिरींना झऱ्यांच्या रूपाने मिळते. ही साठवण फार मोठी नसते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

हे ज्ञान नवीन नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारने आपल्या पदरच्या शिपायांकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे घालवावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल, असे सुचविले होते. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो हातांना बांध घालण्याचे व तलाव खोदण्याचे काम देण्यात आले, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला. असे असताही टंचाई हटली नाही. याचे कारण आमच्या मते केवळ तांत्रिक नाही.

बांधास माती-दगड लागतात, तसाच माणसांचा करारही लागतो. माथ्यावरील माळ हा बहुधा गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांचे चरण असतो. तेथे चराईबंदी झाली, तर पहिला उपवास त्याच्या जनावरांस घडतो. आणि मुरलेले पाणी मात्र खाली ज्याची विहीर आहे त्यास मिळते. वरच्याने सोसावे व खालच्याने भोगावे, अशी व्यवस्था फार दिवस टिकत नाही. ही गोष्ट ओळखणाऱ्यांत फादर हर्मन बाखर यांचे नाव या जिल्ह्यात आदराने घेतले जाते. स्वित्झर्लंडमधून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपले आयुष्य येथील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या सेवेत वेचले. त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात गावाने आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान मान्य करावे, मगच पैसा यावा, असा दंडक होता. २०२१ साली ते निवर्तले. चराईबंदी झालेल्या माळावरील कापलेले गवत प्रथम भूमिहीनांस मिळावे, असा ठराव ग्रामसभेने आरंभीच करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पाणी साठल्यावर खरी परीक्षा सुरू होते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणीपंचायतीची चळवळ आरंभिली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने द्यावे, भूमिहीनासही त्यात वाटा असावा, आणि त्यावर ऊस करू नये, हे तिचे मुख्य नियम होते. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली; तेथे दरवर्षी पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरवितात. याउलट ज्या गावांत चर खणले, बंधारे बांधले, परंतु उपशावर बंधन घातले नाही, तेथे काय घडते? एकाने दोनशे फूट बोअर घेतले की शेजारी चारशे फूट जातो. कोणी प्लास्टिकच्या कागदाचे शेततळे करून भूगर्भातील पाणी उपसून त्यात उन्हाच्या स्वाधीन करतो. आणि सर्वांच्या श्रमाने मुरलेले पाणी ज्याचा पंप बलवान त्याच्या उसात जाते. २०१४ नंतर यंत्रांनी ओढे खोल करण्याची कामे ठिकठिकाणी झाली. गाळ काढणे हितावह आहे. परंतु माथ्याकडे न पाहता ओढ्याचा तळच खोदून टाकणे म्हणजे छप्पर गळत असता घरात मोठे घमेले ठेवण्यासारखे होय.

शहरवासी वाचकांनी हा प्रश्न केवळ खेड्याचा समजू नये. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०,००० लिटर पाणी जमते. पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून द्यावे आणि पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत अथवा शोषखड्ड्यात घ्यावे. अंगणास सगळीकडे फरशी घालणारा गृहस्थ आपल्याच कूपनलिकेचे तोंड बांधत असतो.

शेवटी आमच्या विद्यार्थ्यांस एक काम सुचवितो. आपल्या गावी अथवा वस्तीवर एक पर्जन्यमापक ठेवावा आणि पावसाची नोंद रोज वहीत करावी. दिवाळीनंतर एकदा व मे महिन्यात एकदा दोरीस दगड बांधून चार-पाच विहिरींची पाण्याची पातळी मोजावी, व ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. कोणाच्या विहिरीत किती पाणी आहे, हे सर्वांस ठाऊक झाले म्हणजे ते पाणी एकट्याचे नाही, ही जाणीव होण्यास आरंभ होतो. खडूने फळ्यावर लिहिलेले ते आकडे पुष्कळ वेळा भाषणाहून अधिक काम करतील.