फुलं नसताना

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चौकात ‘आपटा’ म्हणून जे ढीग येतात, त्यांत बराचसा कांचनच असतो. विकणारी मावशी शपथेवर सांगते, “दादा, आपटाच हाय.” जोडपान दोन्हींचं सारखंच, पण आपट्याचं पान लहान, चिवट, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि कांचनाचं चांगलं मोठं, मऊ. एवढंही बघायचं नसेल तर झाडाकडे मान वर करावी. दसरा-दिवाळीत ज्याला गुलाबी-जांभळी फुलं आहेत तो देवकांचन. आपट्याची फिकट पिवळसर फुलं उन्हाळ्याकडे येतात.

तसं फुलावरून झाड ओळखण्यात मर्दुमकी नाही. पळस, पांगारा, काटेसावर फाल्गुनाच्या सुमारास लांबूनच हाक मारतात. ताम्हण तर राज्यफूल. खरी परीक्षा आश्विन-कार्तिकात, सह्याद्रीचा सगळा उतार एकाच हिरव्या रंगाचा दिसतो तेव्हा. या दिवसांत खोड, देठ आणि फळ यांच्याशीच बोलावं लागतं.

ताम्हिणी घाटात माझी अशीच फजिती झाली. ऐनाची खूण मला पाठ होती: मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल, आणि पान उलटं केलं की देठाजवळ मधल्या शिरेवर दोन चिमुकल्या गाठी. गाठी दिसल्या आणि मी “ऐन!” म्हणून मोकळा झालो. बरोबरचे मामा काही बोलले नाहीत. त्यांनी काठीच्या आकड्याने फांदी वाकवली आणि तांबूस फळांचा तुरा माझ्या हातात दिला. बारकं फळ, तीन पंखांचं; त्यातला एकच पंख मोठा, बाकीचे दोन नुसते नावाला. ऐनाच्या फळाला पाच पंख, सारखे. मामा म्हणाले, “किंजळ हाय ह्यो.” गाठी किंजळालाही असतात, हे मला तेव्हा कळलं. पावसाळ्यानंतर या फळांनी किंजळाचा शेंडा गंजल्यासारखा लालसर होतो. एकदा नजर बसली की समोरच्या डोंगरावरचे किंजळ बसल्या जागी मोजता येतात.

ऐन, किंजळ, नदीकाठचा गुळगुळीत पांढुरक्या सालीचा अर्जुन, हिरडा आणि बेहडा ही सगळी टर्मिनालिया या एकाच घराण्यातली भावंडं. हिरड्या-बेहड्याच्या फळांना मात्र पंख नाहीत. या घराण्याबाहेरच्या नाणा या झाडाची ओळख सोपी: अंगावरचे कागदी पापुद्रे सोडत उभं असलेलं फिकट, तुळतुळीत खोड.

कुडे दोन, आणि गोंधळ कायमचा. दोघांनाही चीक, दोघांच्याही शेंगा जोडीनं लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, पांढऱ्या कुड्याच्या मोकळ्या.

झुडपांकडे आपण बघतच नाही. करवंदीचे काटे अंगाला ओरबाडतात म्हणून ती तरी लक्षात राहते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, मग गर्दी होते. मधली सहा वर्षं तिच्या खरखरीत पानांना कुणी विचारत नाही. धायटीच्या तांबड्या फुलांशिवाय वैद्यांची आसवं होत नाहीत, तरी वाटेवरची धायटी किती जणांना दाखवता येईल? घाणेरी मात्र सगळ्यांना ठाऊक. ती अमेरिकेतून बागेची शोभा म्हणून आली आणि रानभर झाली. गिरिपुष्पही तिकडचंच. गुलमोहर मादागास्करचा, तरी आपल्या मुलांच्या चित्रांत झाड म्हणजे तोच!

नावांचा घोळ वेगळाच. ऐनाला कुठे सादडा म्हणतात, गोव्यात तो माटी, आणि तिथला राज्यवृक्ष. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे खंड 1901 ते 1908 या काळात छापले. आजही पानाचं कोडं सुटेना की अभ्यासक तिकडेच वळतात. मीही वळतो. त्या दिवशी घाट उतरताना मामांनी एका झुडपाचं नाव सांगितलं, ते मी ऐकू आलं तसं लिहून घेतलं. पान वहीत दाबून ठेवलंय. कुकच्या खंडांत ते नाव मला अजून सापडलेलं नाही. मामांना परत विचारलं तर म्हणाले, “सांगितलं की तेव्हाच.”