मान वर, पुस्तकही वर

लातूरच्या किंवा नांदेडच्या मोंढ्यात हमाल पोते कसे उचलतो ते श्रोत्यांनी पाहिलेच असेल. ओझे तो अंगाला अगदी चिकटवून घेतो. अंगापासून दूर धरून पोते कोणी नेत नाही. हे शहाणपण हमालाला कोणी शाळेत शिकविलेले नाही. उलट शाळा-कॉलेजात शिकणारी आमची मुले मात्र दिवसभर एक ओझे अंगापासून दूर धरून बसतात. ते ओझे म्हणजे स्वतःचे डोके.

आम्ही वैद्य नव्हे. कामगारांच्या पाठी-कमरेची गाऱ्हाणी ऐकता ऐकता जे वाचले आणि विचारून घेतले, तेवढेच येथे सांगतो.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. ते मानेच्या सात मणक्यांवर सरळ उभे असले, तर मणकेच बहुतेक भार पेलतात. मान पुढे गेली की तो भार मानेमागच्या स्नायूंवर येतो. पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून पाहा, मग हात लांब करून धरा. पिशवी तीच, पण दंड भरून येतो. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या शल्यविशारदाने 2014 साली याचे गणित मांडले. मान 60 अंश झुकली तर मानेवरचा ताण सुमारे 27 किलोइतका होतो, असा त्याचा हिशेब आहे. तो हिशेबच आहे, कोणाच्या मानेत काटा लावून केलेले वजन नव्हे. पण दिशा बरोबर दाखवितो.

मात्र मान पुढे असलेल्या प्रत्येकाला दुखतेच असे नाही. एकाच बैठकीत तासन् तास न हलणे, अपुरी झोप आणि परीक्षेची धास्ती यांचाही वाटा असतो. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या 1713 च्या वाढविलेल्या आवृत्तीत कारकुनांच्या व्याधींची तीन कारणे आहेत: सतत बसणे, हात एकसारखा चालणे आणि मनावरचा ताण. खेड्यातून येऊन भाड्याच्या खोलीत, कॉटवर वही पसरून बारा तास अभ्यास करणाऱ्या पोराला ही तिन्ही लागू पडतात; वर मोबाइल आहेच.

उपाय महागडे नाहीत. ताठ बसावे, नजर समोर ठेवावी आणि हनुवटी खाली न झुकविता सरळ मागे घ्यावी. मानेची मागची बाजू लांबल्यासारखी वाटेल. पाच अंक मोजून सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मग दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणावीत, तितकेच वेळा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. गुण दोन दिवसांत येणार नाही. सहा आठवडे तरी नेम ठेवावा. केशकर्तनालयात मान कडाकड मोडून घेण्याची हौस सोडावी. त्यात मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, पकड ढिली झाली, चालताना तोल जाऊ लागला, अथवा दुखण्यासोबत ताप असला, तर व्यायाम करीत बसू नये, डॉक्टर गाठावा.

पण केवळ मुलाला "ताठ बस" म्हणून भागत नाही. पुस्तक मांडीवर असेल तर मान खालीच जाणार. आपल्याकडे पारायणाला पोथी लाकडी व्यासपीठावर ठेवतात, कुराण रेहलवर ठेवतात. पेढीवरच्या मुनिमाचे मेजही उतरते असे. आदर ग्रंथाचा, आणि आराम वाचणाऱ्याच्या मानेला! मग विज्ञानाचे पुस्तक चार विटांवर फळी तिरपी टेकवून ठेवावयास काय हरकत आहे? मोबाइलही डोळ्यांच्या पातळीकडे उचलावा.

1948 च्या कारखाने कायद्याने कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली आणि मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली. ती भीक नव्हती, हक्क होता. आमच्या विद्यार्थ्याला मात्र दुखले तर "मन लागत नाही" असा बोल लागतो, आणि तो बिचारा गोळी गिळून पुन्हा वहीवर वाकतो. लातूरच्या निकालाचा आम्हांलाही अभिमान आहे. म्हणूनच पालकांना आमचे सांगणे आहे की, फी भरण्यापूर्वी वर्गात एकदा स्वतः बाकावर बसून पाहा. बाकाला पाठ आहे काय आणि तासांमध्ये सुट्टी आहे काय, हे विचारा. एकट्याने विचारले तर हसतील. दहा जणांनी मिळून विचारले तर बाक बदलतील.