गांठीची परीक्षा आणि कुळाची भीति

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांत कर्करोगाचें नांव अजूनहि दबक्या आवाजांतच निघतें. एखाद्या स्त्रीच्या स्तनांतील गांठ काढली आणि अहवालांत ‘गुणसूत्रांत बदल’ असे शब्द आले, कीं औषधाच्या आधीं प्रश्न निघतो तो घरांतील मुलींच्या लग्नांचा. हा दोष कुळांत उतरला कीं काय? ही परीक्षा कशी करतात हें समजलें म्हणजे या शंकेचें पुष्कळसें निरसन होतें. म्हणून तीच येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात, हें त्यो व लेवान या शास्त्रज्ञांनीं इ. स. १९५६ मध्यें निश्चित केलें. कर्करोगाच्या मुळाशीं गुणसूत्रांचा बिघाड असावा, असा तर्क जर्मन शास्त्रज्ञ बोव्हेरी यानें १९१४ सालींच मांडला होता. हा बिघाड बहुधा जन्मतः नसतो. आयुष्यांत केव्हां तरी एखाद्या पेशींत तो होतो व तिच्याच संततींत वाढत जातो. म्हणून त्याचा शोध प्रत्यक्ष गांठींतच घ्यावा लागतो.

अडचण येथेंच आहे. रक्तांतील पेशी सुट्या असतात. परंतु सुश्रुतानें ज्यास अर्बुद म्हटलें, त्या घट्ट गांठींत पेशी एकमेकींस चिकटलेल्या, निरोगी तंतुपेशी त्यांत मिसळलेल्या, आणि कांहीं भाग मृत असतो. शिवाय गुणसूत्रें पेशी विभागत असतांनाच स्पष्ट दिसतात. म्हणून ताजा तुकडा निर्जंतुक पोषक द्रवांत ठेवून त्वरित प्रयोगशाळेंत न्यावा लागतो. तेथें तो बारीक चिरून, पाचक द्रव्यानें पेशी सुट्या करून, ३७ अंशांच्या उबेंत कांहीं दिवस वाढवितात. फार दिवस ठेवल्यास तंतुपेशीच माजतात. पिकापेक्षां तण वाढावें तसा तो प्रकार. पुढें कोल्चिसीन किंवा तत्सम द्रव्य घालून विभाजन मध्येंच रोखतात. हें कोल्चिसीन सह्याद्रींत पावसाळ्यांत फुलणाऱ्या कळलावींत, म्हणजे संस्कृतांतील लांगलींतहि असतें. मात्र तें जहाल विष असल्यानें घरीं कोणीं प्रयोग करूं नयेत. नंतर सौम्य क्षारद्रवांत पेशी फुगवून, मेथॅनॉल व ॲसिटिक आम्ल यांच्या मिश्रणानें स्थिर करून, थेंब कांचपट्टीवर टाकून रंगवितात. मग पट्ट्यांवरून एकेक गुणसूत्र ओळखतां येतें.

शरीराबाहेर पेशी वाढविण्याची आपल्या देशांतील पहिली प्रयोगशाळा १९६० नंतरच्या दशकांत मुंबईस भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत डॉ. कमल रणदिवे यांनीं उभारली. पुण्यांत जन्मलेल्या या विदुषींनीं १९४३ मध्यें एम्. एस्सी.स सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा विषय घेतला होता.

ताजा तुकडा दूर नेणें सर्वांस साधत नाहीं, आणि फॉर्मॅलिनमध्यें टाकलेल्या पेशी पुन्हां वाढत नाहींत. परंतु त्याच तुकड्यास मेणांत बसवून काढलेल्या पातळ चकत्यांवर ‘फिश’ नांवाची परीक्षा होते. तींत ठराविक जनुकास चकाकती खूण चिकटवितात. स्तनाच्या कर्करोगांत सतराव्या गुणसूत्रावरील ‘हर्-टू’ जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत काय, याविषयीं पहिल्या तपासणींत शंका राहिल्यास ती या परीक्षेनें फिटते, आणि त्यावर औषधाची निवड ठरते. तेव्हां शस्त्रक्रिया साताऱ्यास होवो वा सांगलीस, मेणाचा ठोकळा व अहवाल जपून ठेवावेत आणि पुण्या-मुंबईस जातांना बरोबर न्यावेत.

राहिला कुळाचा प्रश्न. स्तनाच्या कर्करोगांपैकीं सुमारें शेंकडा ५ ते १० च आनुवंशिक असतात. त्यांची तपासणी निराळी, बहुधा रक्तावर होते. अनेक आप्तांस किंवा लहान वयांत रोग झाला असल्यास तिजविषयीं डॉक्टरांस विचारावें. एरव्हीं गांठीचा अहवाल तो गांठीचाच. तो मुलीच्या पत्रिकेंत घालूं नये. कित्येक स्त्रिया याच भीतीनें गांठ लपवितात आणि उपचाराची वेळ टळते. ती भीति घालविणें हें घरांतील वडील माणसांचें काम आहे, आणि तें गांठ निघण्यापूर्वींच करावयास हवें.