द्राक्षमळ्यांतील संथ प्रवास

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात दीजाँहून साँतनेपर्यंत जाणारा द्राक्षमळ्यांचा रस्ता सुमारे ६० किलोमीटरांचा. मोटारीने तो एका सकाळीत संपेल. पण मग पाहिले काय? आम्हांस वाटते, त्याला तीन दिवस तरी द्यावेत. येथे बांध ओलांडला की माती बदलते आणि मद्याची चवही. म्हणूनच २०१५ साली युनेस्कोने हे मळे जागतिक वारसा मानले. मात्र ज्याने मद्य चाखले त्याने मोटार हाकू नये. मुक्काम गावातच करावा. बोन येथे तर थांबावेच. १४४३ साली गोरगरिबांसाठी तेथे रुग्णालय स्थापन झाले. त्याला दान मिळालेल्या मळ्यांचे मद्य दर नोव्हेंबरात लिलावाने विकले जाते आणि त्या पैशाचा रुग्णसेवेला आजही हातभार लागतो. द्राक्षाच्या घडामागची ही माणुसकी धावत्या मोटारीतून कशी दिसावी?