होय की नाही

अण्णांनी आदेशाची प्रिंट माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसायचंही विसरले. "ताई, माझं कुणी ऐकलंच नाही की हो."

अण्णांचं बार्शीत हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांची करकामं आधी माझे वडील बघायचे, आता मी बघते. आदेश २०१८-१९ या वर्षाचा होता. एका पुरवठादाराकडून घेतलेल्या मालावरचं ३,८६,००० रुपयांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नाकारलेलं, त्यावर १८ टक्के व्याज आणि १० टक्के दंड. सगळं मिळून आकडा आठ लाखांच्या घरात गेला होता.

माल खरा होता, बिलं खरी होती, पैसे बँकेतून गेले होते. घोळ एवढाच, की पुरवठादारानं आपल्या विवरणात ही विक्री अण्णांच्या जीएसटी नंबरावर न दाखवता किरकोळ विक्रीत दाखवली होती. त्यानं कर भरला होता, पण अण्णांच्या खात्यात तो दिसत नव्हता. जीएसटीच्या पहिल्या दोन वर्षांत असं इतक्या ठिकाणी झालं, की २७ डिसेंबर २०२२ ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळानं परिपत्रकच काढलं. एका पुरवठादाराकडचा वर्षाचा फरक पाच लाखांपर्यंत असेल तर त्याचंच प्रमाणपत्र चालेल, त्याहून जास्त असेल तर सीएचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं लागेल. अण्णांचं काम एका कागदावर भागणार होतं.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. नोटीस डिसेंबर २०२३ मध्ये आली, जानेवारीत आम्ही बिलं आणि बँकेचे उतारे जोडून उत्तर दिलं. पुरवठादाराचं प्रमाणपत्र यायला मार्च उजाडला. सुनावणीची तारीख लागली की समोर ठेवू, असं मी धरून चालले होते. ती तारीख लागलीच नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात थेट आदेश आला.

का, ते मी त्या रात्री शोधलं. उत्तराच्या फॉर्ममध्ये, म्हणजे डीआरसी-०६ मध्ये, शेवटी एक प्रश्न असतो: व्यक्तिगत सुनावणी हवी का? होय किंवा नाही. आमच्या ऑफिसातल्या मुलानं अण्णांना फोनवर विचारलं होतं. अण्णा म्हणाले होते, "साहेबांपुढं उभं राहून मला काय बोलता येणार?" मुलानं 'नाही' निवडलं. हे मी तपासायला हवं होतं.

पण कायदा त्या एका खुणेवर थांबत नाही, आणि हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असलं पाहिजे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७५(४) मध्ये दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये 'किंवा' हा शब्द आहे. करदात्यानं लेखी मागितली तर सुनावणी द्यायची, किंवा त्याच्या विरोधात निर्णय जाण्याची शक्यता असेल तरी द्यायची. दुसऱ्या बाबतीत मागण्याची अटच नाही. भारत मिंट अँड अलाइड केमिकल्सच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हेच सांगितलं. करदात्यानं 'नाही' लिहिलं होतं, तरीही आदेश विरोधात जाणार असेल तर त्याला ऐकून घेणं बंधनकारक आहे.

त्याच कलम ७५ मध्ये आणखीही बरंच आहे. सबळ कारण असेल तर तारीख पुढं मागता येते, जास्तीत जास्त तीनदा. आदेशात वस्तुस्थिती आणि कारणं लिहावी लागतात. नोटिशीत जेवढी रक्कम आणि जी कारणं आहेत त्यापलीकडे आदेश जाऊ शकत नाही.

मग असं का घडतं? २०१८-१९ या वर्षाचे आदेश काढायची मुदत ३० एप्रिल २०२४ ला संपत होती. अधिकाऱ्यांपुढं फायलींचे ढीग होते, ते मी पाहिले आहेत. पण मुदत सरकारची, आणि तिची किंमत अण्णांनी का मोजायची? नोटिशीच्या गोषवाऱ्यात सुनावणीची तारीख, वेळ, ठिकाण असे रकाने असतात. कितीतरी नोटिशींत तिथं 'लागू नाही' एवढंच असतं. काहींत उत्तराची आणि सुनावणीची तारीख एकच असते. नोटीस बजावली हेही अनेकांना कळत नाही, कारण पोर्टलवर टाकलेली नोटीस कलम १६९ प्रमाणे बजावलेली धरतात. त्यातही तेव्हा नेहमीच्या नोटिशींचं पान वेगळं आणि 'अ‍ॅडिशनल नोटिसेस'चं वेगळं होतं. नोटीस दिसलीच नाही म्हणून आलेल्या व्यापाऱ्यांची प्रकरणं मद्रास आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी नव्यानं ऐकायला परत पाठवली आहेत.

विक्रीकराच्या काळात वडील चोपड्यांची गाठोडी घेऊन अधिकाऱ्याच्या टेबलापाशी बसायचे. वाद व्हायचे, पण माणूस समोर असायचा. पोर्टलनं खेटे वाचवले, हे मी मनापासून मानते. ते समोर बसणं मात्र हरवता कामा नये.

आम्ही जुलैत अपील केलं. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी एक महिना. वादातल्या कराच्या १० टक्के, म्हणजे ३८,६०० रुपये, आधी भरावे लागले. खरी अडचण प्रमाणपत्राची होती. खालच्या अधिकाऱ्यापुढं न दिलेला पुरावा अपिलात सहसा देता येत नाही, नियम ११२ आडवा येतो. पण पुरेशी संधी न देता आदेश झाला असेल तर तोच नियम वाट देतो. आमचं सगळं अपील त्या एका ओळीवर उभं होतं. आणि अपील अधिकाऱ्याला प्रकरण खाली परत पाठवता येत नाही, त्यामुळे जे काय व्हायचं ते याच टेबलावर होणार होतं.

अण्णा अपिलाच्या सुनावणीला यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही फक्त शेजारी बसा." अपील अधिकारी बाईंनी प्रमाणपत्र दाखल करून घेतलं, बिलं पडताळली आणि एकदम अण्णांकडे वळून विचारलं, "हा माल दुकानात आला कसा?" अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग सांगत गेले: भावाचा टेम्पो, पावसात भिजलेली रंगाची खोकी, त्यातले सहा डबे परत केलेले आणि त्याची क्रेडिट नोट. ती क्रेडिट नोट फायलीत होती, आणि मलाही ती महत्त्वाची वाटली नव्हती.

मागणी रद्द झाली. आदेशाच्या तिसऱ्या पानावर त्या सहा डब्यांचा परिच्छेद आहे. अण्णांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.